वाटा आणि तुकडा

“बाकी का क्या करूँ, माताजी?” हा प्रश्न मला अलीगंजातील एका कोंबडीवाल्याने विचारला, त्याला आता दोन वर्षे होत आली. पुरनियाच्या बाजूला रस्त्यालगत त्याचे लहानसे दुकान आहे. पुढे लोखंडी पिंजरा, त्यात दहाबारा पांढऱ्या कोंबड्या, मागे लाकडाचा ओंडका आणि काटा. मी त्याच्याकडे छातीचे अर्धा किलो मांस मागितले होते. हाड नको, कातडी नको, तंगडी नको, पंख नको. त्याने माझ्याकडे पाहिले, मग पिंजऱ्याकडे पाहिले आणि हिशेब सांगितला : निव्वळ छाती अर्धा किलो भरायची तर दोन पक्षी कापावे लागतील. मग उरलेल्या तंगड्या, पाठ, माना, कलेजी, पेटा यांचे काय करायचे? त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता. तो निखळ धंद्याचा प्रश्न होता, आणि उत्तर मिळेपर्यंत तो सुरीला हात लावणार नव्हता. तीसाहून अधिक वर्षे वर्गात प्रश्न विचारण्यात आणि प्रश्नांना सामोरे जाण्यात गेल्यामुळे निरुत्तर होण्याची मला फारशी सवय नाही. त्या दिवशी मात्र “जैसा आप ठीक समझें” असे काहीतरी मी पुटपुटले, त्याने लावलेला छातीचा वेगळा भाव मुकाट्याने दिला आणि उरलेले त्याच्यापाशीच सोडून घरी आले.

या मागणीला थोडा पूर्वेतिहास आहे. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांची अखेरची बदली लखनौला झाली आणि अलीगंजात घेतलेल्या दोन खोल्यांच्या सदनिकेतच आम्ही पुढे राहून गेलो. लखनौशी मराठी माणसाचे नाते सांगायचे म्हणजे पंडित भातखंडे यांचे आणि १९२६ साली येथे निघालेल्या त्यांच्या संगीत महाविद्यालयाचे नाव घेतले जाते. ते नाते गळ्याचे होते, जिभेचे नव्हे. आमच्या घरात जिभेचा प्रश्न आरंभापासूनच दुपेडी होता. मी वाईच्या, मांसमच्छर वर्ज्य असलेल्या घरात वाढले; यजमान मालवणचे. लग्नानंतर मासे साफ करण्यापासून सारे मी शिकले, पण खाल्ले कधी नाही. “ही रांधते, वाढते आणि आपण आमटीभात जेवते,” असे सासूबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगत. त्या कौतुकात आपल्या शुद्धतेची पावती आहे असे मला अनेक वर्षे वाटत आले, हे येथे कबूल केले पाहिजे. कारण पुढील विवेचनाचा तोच खरा अडसर आहे.

२०२२ साली आम्ही लेकीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहिलो. यजमानांच्या हृदयावर त्याआधी शस्त्रक्रिया झालेली होती, दातही दगा देऊ लागले होते, आणि चरबी कमी व प्रथिने अधिक असा वैद्यकीय सल्ला होता. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे कृतज्ञतेचा सण असतो आणि त्या दिवशी घरोघरी अख्खी टर्की भाजली जाते. सात-आठ किलोंचा पक्षी. घरात माणसे चार. लेकीने सरळ टर्कीच्या छातीचा अर्धा भाग आणला. आदल्या रात्री तो मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला, सकाळी निथळून कोरडा केला, लोणी व मिरपूड चोळून भट्टीत घातला आणि मांसाच्या गाभ्यात तापमापकाची सळई खुपसून पारा चौऱ्याहत्तर अंश सेल्सिअसवर आल्यावर बाहेर काढला. पंधरा मिनिटे तसाच राहू देऊन मग आडव्या पातळ चकत्या कापल्या. यजमानांनी त्या चवीने खाल्ल्या आणि म्हणाले, “काटा नाही, हाड नाही. बरं आहे.” तारलीचे आणि पेडव्याचे काटे जिभेने वेगळे करण्यात ज्याने जन्मभर भूषण मानले, त्या माणसाने हे म्हणावे यात त्याचे वार्धक्य मला जितके दिसले तितके त्याच्या वैद्यकीय कागदपत्रांतही दिसले नव्हते.

छातीच्या या तुकड्याचे लहान घराला किती सुख आहे, हे स्वयंपाकघरात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. दोन माणसांच्या घरात प्रत्येक पदार्थाचे शत्रुत्व त्याच्या उरण्याशी असते. अख्खा पक्षी भाजला तर पहिल्या दिवशी जेवण, दुसऱ्या दिवशी शिळे आणि तिसऱ्या दिवशी शिक्षा. छातीचा तुकडा मात्र मापाचा. कच्चा असतानाच त्याचे चार भाग करून वेगवेगळे गोठवावेत, लागेल तसा एक काढून रात्रभर फ्रिजमध्ये सैल होऊ द्यावा. शिजवलेल्या चकत्या तीन-चार दिवसांत संपवाव्यात. एका रात्री दह्यात घोळवून मंद आचेवर, दुसऱ्या दिवशी सकाळी पावात, संध्याकाळी उरलेसुरले भातात. चरबी नसल्यामुळे तो चटकन कोरडा पडतो, एवढीच त्याची खोड. मी हे सारे वहीत लिहून घेतले. त्या वेळी माझ्या मनात नीतीचा विचार नव्हता. मी एका आजारी माणसाची बायको होते आणि मला एक सोय सापडली होती.

अलीगंजात परत आल्यावर टर्की कोठली मिळायला? म्हणून कोंबडीची छाती, आणि म्हणून तो दुकानदार, आणि त्याचा तो प्रश्न.

त्या प्रश्नाविषयी यजमानांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “आमच्याकडे असं कुणी मागितलं असतं तर म्हातारीने कोयता दाखवला असता.” म्हातारी म्हणजे मालवणच्या बाजारातील मासे विकणारी बाई. तेथे लहान मासळी काट्यावर तोलून मिळत नसे. फळीवर तिचे वाटे घातलेले असत. वाटा म्हणजे लहानसा ढीग : त्यात दोन मोठे, चार मध्यम, काही अगदी बारके, एखादा पोट फुटलेला. वाटा घ्यायचा तर तो सगळा घ्यायचा. गावच्या जत्रेला बोकड पडला म्हणजेही असेच होई. पानांवर वाटे घातले जात; प्रत्येक वाट्यात थोडे मांडीचे, थोडे बरगडीचे, थोडी कलेजी, थोडे हाड, थोडी आतडी. वाटे घालणाऱ्याचे कसब असे की डोळे मिटून कोणीही कोणताही उचलावा. एकट्या विधवेचा वाटा लहान असला तरी त्यात सारा बोकड असे.

विभागणीच्या या दोन रीतींत केवळ प्रमाणाचा भेद आहे असे मला आरंभी वाटले होते. तो तसा नाही. वाटा ही वस्तू पूर्णाचे स्मरण ठेवणारी आहे. तुकडा पूर्णाचे विस्मरण घडवतो. वाटा घेणाऱ्याला चांगल्याबरोबर वाईट घ्यावे लागते, मऊबरोबर चिवट घ्यावे लागते. तुकडा मागणारा फक्त निवड करतो आणि न निवडलेले दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात पडते. आपल्या काव्यशास्त्रात अंग आणि अंगी यांचा विचार झाला आहे : अंगाला अर्थ येतो तो अंगीमुळे. काट्यावरच्या त्या अर्ध्या किलोला अंगी उरलेलाच नव्हता. दुकानदाराला तो दिसत होता, कारण त्याच्या हाताखाली तो फडफडत होता. मला तो दिसू नये अशी माझी मागणी होती.

टर्की या पक्ष्याला हिंदुस्थानात प्रथम कोणी नीट पाहिले, याची नोंद योगायोगाने उपलब्ध आहे. मूळचा हा पक्षी मेक्सिकोकडचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात आला आणि प्रत्येकाने त्याला दुसऱ्याच देशाचे नाव दिले : इंग्रजांनी तुर्कस्तानचे, तुर्कांनी हिंदुस्थानचे, फ्रेंचांनीही हिंदुस्थानचेच, आणि पोर्तुगीजांनी पेरूचे. (मराठी कानाला त्या शब्दाने फळच आठवते, हे वेगळे.) १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून काही दुर्मिळ प्राणी घेऊन आला. त्यात हा पक्षी होता. आपला पणजोबा बाबर याने प्राण्यांची वर्णने लिहिली खरी, पण त्यांची चित्रे काढवली नाहीत, असे नोंदवून जहांगीराने चित्रकारांना आज्ञा केली, आणि मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आत्मवृत्तातील बादशहाचे वर्णन तर त्या चित्राहूनही बारकाईचे आहे. पक्षी लांडोरीहून मोठा आणि मोराहून लहान; माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवतो; आणि त्याच्या डोक्यावरच्या, मानेवरच्या उघड्या कातडीचा रंग सरड्यासारखा पालटतो, कधी लाल, कधी पांढरा, कधी निळसर. हा बादशहा काही अहिंसक नव्हता. शिकारीत मारलेल्या प्राण्यांची मोजदाद तो ठेवत असे आणि ती हजारांत आहे. तरीही त्या पक्ष्यापुढे तो थांबला. मारणे आणि पाहणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात. आमच्या काळात दोन्ही गोष्टी आमच्या हातून निसटल्या : मारत आम्ही नाही, आणि पाहतही नाही.

चारशे वर्षांत त्या पक्ष्याचे काय झाले ते पाहिले म्हणजे तुकड्याची मागणी किती दूरवर पोहोचते हे कळते. छातीचे स्नायू उडण्यासाठी असतात, तंगडीचे चालण्यासाठी. सतत राबणाऱ्या स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारे तांबडे द्रव्य अधिक असते, म्हणून तंगडीचे मांस गडद आणि छातीचे पांढरे. ग्राहकाला पांढरे, मऊ आणि बिनहाडाचे हवे झाले तेव्हा पक्ष्याची पैदास त्या दिशेने वळली. विसाव्या शतकात अमेरिकेत रुंद छातीची पांढरी टर्की सर्वत्र झाली. पिसेही पांढरी करण्यात आली, कारण रंगीत पिसांची खुंटे सोललेल्या कातडीवर डाग पाडतात. ज्या रंगांपुढे बादशहा थबकला त्यांतले पिसाऱ्याचे रंग अशा रीतीने डाग ठरले. आजच्या नराचे वजन पंधरा-अठरा किलोंच्या पुढे जाते आणि छाती एवढी जड झालेली असते की त्याला मादीशी नैसर्गिक संग करता येत नाही. प्रजोत्पादन सर्वस्वी माणसाच्या हाताने, कृत्रिम रेतनाने चालते. उडण्याच्या अवयवाची एवढी वाढ झाली की पक्ष्याचे उडणे तर गेलेच, पितृत्वही गेले. हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. आमच्या लखनौहून बरेली फार दूर नाही; तेथील इज्जतनगरात १९७९ पासून केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे आणि तिने वाढवलेल्या टर्कीच्या एका वाणाचे नाव ‘कॅरी विराट’ असे आहे. तोही रुंद छातीचाच. गरीब शेतकऱ्याला जोडधंदा मिळावा या हेतूने चाललेल्या अशा कामाला मी नावे ठेवणार नाही. सांगायचे एवढेच की, दुकानात ‘मला फक्त एवढेच हवे’ असे म्हणताना आपण पक्ष्यातून एक तुकडा घेतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आपण पुढच्या पक्ष्याचा आकार सांगत असतो.

आणि उरलेले? त्याचाही पत्ता लागतो. टर्कीच्या शेपटीकडचा भाग अतिशय चरबीचा. अमेरिकेतील ग्राहकाला तो नको. तो प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवर जाऊ लागला आणि तेथील लोकांच्या नेहमीच्या जेवणात शिरला. लठ्ठपणा व त्यातून येणारे रोग वाढताना पाहून सामोआच्या सरकारने २००७ साली त्याच्या आयातीवर बंदी घातली. २०१२ साली तो देश जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला, आणि त्या सदस्यत्वाच्या अटींपायी पुढच्या वर्षी ती बंदी उठवावी लागली. माझ्या यजमानांचे हृदय सुरक्षित राहावे म्हणून छाती वेगळी काढली जाते, आणि त्याच पक्ष्याची शेपटी कोण्या दूरच्या बेटावरील माणसाच्या हृदयावर भार होऊन बसते. “बाकी का क्या करूँ” या प्रश्नाचे जगाने दिलेले उत्तर हे असे आहे.

आपल्या परंपरेने या विषयाचा विचार केला नाही असे नाही. बौद्धांच्या मज्झिम निकायातील जीवकसुत्तात भिक्षूला कोणते मांस चालते याची कसोटी आहे : तो प्राणी आपल्यासाठी मारला असे पाहिलेले, ऐकलेले किंवा संशयाने जाणलेले नसावे. भिक्षेच्या संदर्भात ही कसोटी समंजस आहे. जे वाढले ते घ्यावे, कोणाला हत्येस प्रवृत्त करू नये. पण न्यू जर्सीच्या बाजारातील पातळ आवरणात गुंडाळलेला छातीचा तुकडा या कसोटीला तंतोतंत उतरतो, आणि अलीगंजच्या दुकानात माझ्या डोळ्यांदेखत कापलेली कोंबडी मात्र तिन्ही बाजूंनी नापास होते! ज्या नियमाचा हेतू माणसाला हत्येपासून दूर ठेवणे हा होता, त्याचे शब्द पाळून एक अख्खी व्यवस्था माणसाला हत्येच्या केवळ दर्शनापासून दूर ठेवते. नियम आणि हेतू यांची अशी फारकत साहित्याच्या अभ्यासकाला नवी नाही.

मनुस्मृतीचा आधार घेणे मला एरवी रुचत नाही. १९२७ साली महाडला ज्या कारणांनी ती जाळली गेली ती कारणे मला मान्य आहेत. परंतु तिच्या पाचव्या अध्यायात एक गणना आहे, ती विसरता येत नाही. प्राण्याच्या घाताला जबाबदार कोण, तर अनुमती देणारा, अवयव वेगळे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. असे आठ. (त्याच अध्यायात यज्ञासाठी मांस विहितही ठरवले आहे, सुसंगती हा त्या ग्रंथाचा गुण नव्हे.) एका संध्याकाळी ओट्याशी उभी असताना मी हे आठ जण मोजून पाहिले. यजमानांच्या वाट्याला एक भूमिका येत होती, खाणाऱ्याची. दुकानदाराकडे मारणे, कापणे आणि विकणे. अनुमती माझी, खरेदी माझी, चकत्या कापणे माझे, शिजवणे माझे, वाढणे माझे. आठांपैकी पाच भूमिकांत मी उभी होते, आणि जी एकमेव भूमिका मी नाकारली होती तिच्यावर माझी सारी निर्मळता तोलून धरलेली होती.

वाल्या कोळ्याची कथा येथे मला वेगळ्या रीतीने आठवली. नारदाच्या सांगण्यावरून तो घरी जाऊन विचारतो, माझ्या पापात वाटेकरी कोण? बायकोमुले म्हणतात, पोसणे तुझे काम. पापाचा वाटा आमचा नाही. कीर्तनात ही कथा ऐकताना आपण त्या कुटुंबाच्या कृतघ्नतेवर हळहळतो आणि वाल्याच्या जागृतीकडे वळतो. त्या बायकोकडे फारसे कोणी पाहत नाही. तिने लुटीचे धान्य दळले, रांधले, वाढले. पाप मात्र तिने तुकड्यासारखे वेगळे काढून त्याच्याकडे परत केले. भाषेने येथे काही जाणून ठेवले आहे : बोकडाच्या मांसालाही वाटा, आणि पापालाही वाटाच. ज्या समाजात मांसाचा वाटा घेतला जाई तेथे दोषाचाही वाटा निदान विचारला तरी जात होता. शंभर माणसांनी एकेक तुकडा नेला तर त्या पक्ष्याच्या मरणाचे शंभर भाग होतात काय? मला तसे वाटत नाही. मांस भागले जाते; मरण भागले जात नाही. ते प्रत्येकाच्या पिशवीत पुरते एक असते.

याविरुद्ध जे बोलता येईल ते मला ठाऊक आहे, आणि ते हलके नाही. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकतो. तो स्वतः मारत नाही, खातही नाही. त्याच्याकडे ज्ञान घ्यायला आलेल्या कौशिक ब्राह्मणाला तो दाखवून देतो की, नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात. हिंसेवाचून जगणे कोणाला साधलेले नाही. व्यवसाय कुळाकडून आला म्हणून तो निर्दोष, हे त्याचे समर्थन मला पटत नाही. त्यात वर्णव्यवस्थेची सोय आहे. पण नांगराचा मुद्दा माझ्या आमटीभाताला पुरता लागू पडतो. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. अख्ख्या पक्ष्याचा आग्रह लहान घराने धरला तर अर्धा पक्षी कचऱ्यात जाईल. खाण्यासाठी मारणे एक वेळ समजू शकते. टाकण्यासाठी मारणे कसे समजून घ्यावे? वाटे घालायला गाव लागते. अलीगंजच्या सदनिकांत गाव कोठून आणायचे? आणि तिसरा आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेते : समोरच्या माणसाला भूक लागत नाही, त्याला चावता येत नाही, त्याने दोन घास अधिक खावेत म्हणून मी बाजारात गेले होते. त्या दोन घासांपुढे सामोआ आणि जहांगीर यांची मातब्बरी ती काय? या तिसऱ्या आक्षेपाला माझ्यापाशी उत्तर नाही. मी छाती आणत राहिले.

थोडे विषयांतर करते. वेचे काढणे हाही माझा जन्माचा व्यवसाय. पाठ्यपुस्तकांच्या समित्यांवर बसून मी कादंबऱ्यांची छाती कापून दिली आहे : मऊ, पांढरी, बिनहाडाची, चाळीस मिनिटांच्या तासात संपणारी. ज्या प्रकरणात लेखक रेंगाळतो, चिडतो, फसतो, ती प्रकरणे आम्ही मागे ठेवली. परीक्षेत विद्यार्थी त्या वेच्यावर उत्तम लिहीत. मूळ कादंबरी किती जणांनी उघडली, हे मी कधी विचारले नाही. ग्रंथालयात तिच्यावर बसलेली धूळ मात्र मी पाहिली आहे.

२०२३च्या सप्टेंबरात भारत आणि अमेरिका यांच्यातील कोंबडीच्या आयातीसंबंधीचा जागतिक व्यापार संघटनेतील जुना वाद मिटला, तेव्हा गोठवलेल्या टर्कीवरचे आयातशुल्क कमी करण्याचे भारताने मान्य केले. वर्तमानपत्रातील ती लहानशी बातमी यजमानांनीच मला वाचून दाखवली. त्यानंतरच्या एका थंडीत शहरातल्या एका दुकानात टर्कीच्या छातीचा गोठवलेला तुकडा खरोखरच मिळाला. दगडासारखा घट्ट, कोठून आला ते बारीक अक्षरात छापलेले. मी वहीतल्या कृतीप्रमाणे सारे केले. यजमानांनी तीन चकत्या खाल्ल्या, चौथी ताटात राहिली. “तिकडच्यासारखी नाही झाली का?” मी विचारले. “झाली आहे,” ते म्हणाले, “तिकडच्यासारखीच झाली आहे.”

ज्येष्ठात येथे बडा मंगल असतो. अलीगंजच्या हनुमानाचे जुने मंदिर नवाबी काळात एका बेगमेने बांधले असे सांगतात आणि त्याच्या शिखरावर चंद्रकोर आहे. त्या महिन्यातल्या प्रत्येक मंगळवारी रस्तोरस्ती भंडारे लागतात. पुरी, भाजी, बुंदी, सरबत. मालकिणीला आणि मोलकरणीला एकाच पळीने वाढतात. मांसाची दुकाने त्या दिवशी बंद. अशाच एका मंगळवारी रांगेत माझ्या पुढे तो कोंबडीवाला द्रोण घेऊन उभा होता. मी त्याला विचारले, त्या तंगड्यांचे तुम्ही काय करता? तो म्हणाला, कपूरथल्याच्या बाजूला एक तंदूरवाला नेतो. माना आणि पाठी एक बाई नेते, तिच्या घरी सहा माणसे आहेत, रस्सा करते. कलेजी मजूर नेतात. त्याच्याकडे सगळ्याचा हिशेब होता. माझ्या अर्ध्या किलोभोवती एक गाव होते, आणि ते त्याने जमवले होते. मला त्यातले कोणीही माहीत नव्हते. त्याने तो प्रश्न मला विचारला तो उत्तर नसल्यामुळे नव्हता, असे आता वाटते. मी नवी गिऱ्हाईक होते. माझ्या दोन पक्ष्यांची बाकी त्या दिवशी कोणाच्या नावे मांडायची, एवढेच त्याला ठरवायचे होते.

परवा यजमान म्हणाले, “अगं, एखादी तंगडी आण. रस्सा कर. चावता नाही आलं तरी चोखीन.” मी दुकानात जाऊन तसे मागितले. “अब सीना किसको दूँ?” तो हसून म्हणाला. मग मी अख्खी कोंबडीच तोलायला सांगितली. साफ करून एक किलो तीनशे ग्रॅम भरली. आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहते. मांस खातात हे वासावरून ठाऊक होते, एवढाच आजवरचा परिचय. मी ओट्यावर दोन भांडी मांडली आणि वाटे घालू लागले. एक तंगडी इकडे, एक तिकडे. छातीचे दोन भाग. पाठीचे तुकडे मोजून. कलेजी एकच होती. ती हातात घेऊन मी खोलीच्या दाराशी गेले आणि कोणत्या भांड्यात टाकू म्हणून विचारले. ते उशीला टेकून बसले होते. “वरती दे,” म्हणाले, “त्यांच्याकडे मुलं आहेत.”